विकतचा दमटपणा

जानेवारीत पालमला विमानं धुक्याने खोळंबलेली असतात, यमुना एक्स्प्रेसवेवर गाड्या दिवे लावून मुंगीच्या पावलांनी सरकत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी नोएडातली आमच्यासारखी माणसं दारंखिडक्या लावून, ह्युमिडिफायरचा प्लग जोडून, घरात आणखी धुकं काढत बसलेली असतात. बाहेर एवढी ओल फुकट पडली आहे तर ती आत का घेत नाही, असं चिपळूणहून आलेल्या आईने विचारलं. प्रश्न रास्त होता. 7 अंशांची हवा कितीही काठोकाठ भरलेली असली तरी घनमीटरभर हवेत वाफ असते जेमतेम 8 ग्रॅम. तीच हवा खोलीत घेऊन हीटरने 22 अंशांवर नेली की तिची ऐपत होते 19 ग्रॅमची, पदरात मात्र तेच 8. शंभर टक्क्यांची हवा चाळिशीवर येते, आणि ब्लोअर रात्रभर घुमला तर त्याच्याही खाली.

“म्हणजे पगार तोच, गरजा वाढल्या,” आई म्हणाली. एवढ्या थोडक्यात मला कॉलेजात कोणी समजावलं नव्हतं.

कोकणातल्या माणसाने ओल विकत घ्यायची, हे तिला शेवटपर्यंत पचलं नाही. आमचं अर्धं आयुष्य ओलीशी भांडण्यात गेलेलं. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे, काडेपेटी चुलीशेजारी, कपाटातल्या पट्ट्यावर हिरवट बुरशी, आणि जून ते सप्टेंबर दोरीवर तेच ते कुबट कपडे. दमट हवेचं कौतुक म्हणून कुठे वाचलं असेल तर ते भूगोलाच्या पुस्तकात : मुंबईत कापडगिरण्या का वाढल्या? कारण दमट हवेत सूत तुटत नाही. तेव्हा हे नुसतं घोकलं होतं. दिल्लीच्या पहिल्या हिवाळ्यात ओठ उलले, सकाळी उठताना घसा खरखरला आणि लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडाल्या, तेव्हा गिरणीतल्या सुताबद्दल आपुलकी वाटली.

यंत्र घेण्याआधी आर्द्रता मोजणारं काहीतरी घ्यावं, असं माझं मत आहे. स्वित्झर्लंडच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने 1783 साली आपल्या आर्द्रतामापकाचं वर्णन छापलं. त्यात माणसाचा केस ताणून लावलेला असे. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. मुंबईच्या लोकलमध्ये पावसाळ्यात विस्कटणारे केस हे मोजमापच असतं, फक्त त्याला काटा नसतो. हल्ली काडेपेटीएवढा आकडेवाला डबा मिळतो. तो 30 ते 50 दाखवत असेल तर यंत्राला हात लावू नये. साठीच्या वर गेलं की पलंगामागच्या गार भिंतीला घाम फुटतो, आणि चिपळूणची बुरशी पत्ता विचारत नोएडाला येते.

दुकानात सगळ्यात देखणं असतं ते अल्ट्रासॉनिक. आतली चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे इतके बारीक तुषार उडवते की वाफच वाटावी. पण ती वाफ नव्हे. वाफ होताना पाणी आपले क्षार मागे ठेवून जातं. तुषार सगळा संसार बरोबर घेऊन निघतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या सोसायटीतलं बोअरचं पाणी या दुसऱ्या सवलतीवर जगतं. ते टाकीत ओतलं की तासाभरात टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पावडर लावल्यासारखा पांढरा थर दिसतो, आणि कोपऱ्यातला एअर प्युरिफायर, जो आत्ताच कुठे हिरवा होऊन शांत झालेला असतो, लालबुंद होऊन किंचाळायला लागतो. त्याला धूर कोणता आणि तुषार कोणते, हे कळत नाही. मग एक यंत्र हवेत सोडतं, दुसरं ओढून घेतं, आणि दोघांचं वीजबिल आपण भरतो.

यावर उपाय सुचवणाऱ्यांची दिल्लीत टंचाई नाही. इन्व्हर्टरवाला बॅटरीच्या पाण्याचा कॅन पुढे करतो. शेजारच्या आंटी म्हणतात, “बेटा, हीटर के पास कटोरी रख दो.” कटोरीचा खर्च शून्य आणि परिणामही जवळपास तेवढाच, पण हे त्यांना कोण सांगणार? नागपूरचे मेहुणे हसतात. त्यांच्या मते वाळ्याचा कूलर हेच जगातलं एकमेव खरं यंत्र, आणि मे महिन्यापुरतं ते बरोबरच आहे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून भर उन्हाळ्यात हिवाळा आणायचा प्रकार अकबराच्या दरबारातही होता. ‘आईन-इ-अकबरी’त तसं लिहिलेलं आहे. ओल्या वातीवरून पंख्याने हवा फिरवणारा ह्युमिडिफायर हा त्याच घराण्यातला. दिसायला अगदी सामान्य, धुकंबिकं काही काढत नाही, त्यामुळे पाहुण्यांवर छाप पडत नाही. पण क्षार वातीत अडकून राहतात, वात अधूनमधून बदलायची. कठीण पाण्याच्या या मुलखात मी त्यालाच मत देईन. अल्ट्रासॉनिक घ्यायचंच असेल तर त्याला आरओचं पाणी पाजावं. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र फरशीसाठीच. काटकसरी माणसाचा हात तिकडे वळतो, म्हणून सांगितलं.

निवड करताना लिटर आणि रंगीत दिवे पाहण्यापेक्षा टाकीच्या तोंडात आपला हात जातो का, ते पाहावं. ही टाकी रोज रिकामी करायची, दर दोन-तीन दिवसांनी घासायची. नाही घासली तर तळाशी बोटाला बुळबुळीत लागतं. ते बुळबुळीत म्हणजे जंतूंची वसाहत, आणि अल्ट्रासॉनिक यंत्र तिलाही तितक्याच इमानाने हवेत सोडतं. क्षारांच्या पांढऱ्या खपल्यांना कोमट पाण्यातलं लिंबूसत्त्व अर्ध्या तासात वठणीवर आणतं. नंतर मात्र दोन-तीनदा खळबळून धुवावं. टाकीत निलगिरीचे थेंब टाकायचा मोह आईला झाला होता. तेलाने प्लास्टिक तडकतं म्हटल्यावर तिने ते रुमालावर टाकले आणि वर सुनावलं, “नाकाला लावायचं ते नाकालाच लावावं.”

मार्चअखेर यंत्र माळ्यावर जातं. त्याआधी टाकी, झाकण, वात, सगळं आतून-बाहेरून कोरडं ठणठणीत व्हावं लागतं, नाहीतर पुढच्या नोव्हेंबरात खोकं उघडताच कोंदट भपकारा येतो. चिपळूणला या कामाला आठवडा लागला असता आणि तरी खात्री नसती. इथे दुपारी बाल्कनीत सुटे भाग मांडून चहा टाकावा. चहाला उकळी येईपर्यंत ते वाळलेले असतात.