आडवे-उभे अण्णा

अण्णांना “कसे आहात?” विचारू नये. “आडवे-उभे” असं उत्तर येतं आणि मग तासभर सुटका नाही.

बँकेतून निवृत्त झालेल्या अण्णांची सकाळ इंग्रजी पेपरातल्या गूढ शब्दकोड्याने उजाडते. बातम्या नंतर. कोडं ते बॉलपेननेच सोडवतात. खोडण्याची वेळ येतच नाही म्हणे. पण सोडवणं हे निमित्त, खरी गोडी रचणाऱ्याला धारेवर धरण्यात. “हा शब्द नुसता भरीला घातलाय!” म्हणत समासात फुल्या मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

त्यांचं दैवत झिमेनीझ. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९३९ पासून कोडी रचणाऱ्या डेरिक मॅकनट या मास्तरांनी हे टोपणनाव घेतलं, तेही स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखाचं! १९६६ साली त्यांनी या कलेवर पुस्तक लिहिलं. त्या परंपरेचं सार अण्णांना तोंडपाठ : अचूक अर्थ, शब्दखेळाची प्रामाणिक खूण आणि तिसरं काही नाही. हा दंडक सोसायटीच्या नोटिशीलाही लागू. “‘उद्या पाणी येणार नाही, कृपया नोंद घ्यावी.’ पाणीच नाही, तर कृपा कसली?”

मराठीत कोडी जमत नाहीत असं कुणी म्हटलं की अण्णा उसळतात. वाल्याला ‘मरा मरा’ म्हणायला लावणारे नारद हेच त्यांच्या मते आद्य कोडेकार. आपल्याकडे एका चौकोनात एक अख्खं अक्षर. उलटलं तरी काना त्याची साथ सोडत नाही. लिफ्टमध्ये गाठून ते विचारतात, “मका परता, नोकरी मिळेल. दोन अक्षरी!” आपण “काम” म्हणून सुटावं, तर रात्री अकराला फोन. “‘परता’ऐवजी ‘परतून’ केलं तर? ‘मिळेल’ खपेल ना?” ‘खपेल’ म्हटलेलं त्यांना खपत नाही.

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. काकूंनी वाटी पुढे सरकवली. “संसाराच्या शेवटी आंबट. दोन अक्षरी.”

“सार,” अण्णा तत्काळ म्हणाले. मग डोळे मिटून चूक शोधू लागले. सापडली. “‘आंबट’ हे विशेषण, उत्तर मात्र नाम. नाही चालणार.”

“विशेषण ठेवा बाजूला,” काकू म्हणाल्या, “आणि नाम गिळा. गार होतंय.”