गुरुजी बीज तपासतात

पिंपळगाव रेणुकाईला पावसाळ्यात दोन हंगाम एकदमच येतात: हिरव्या मिरचीचा आणि आमच्या गुरुजींचा. भोकरदन तालुक्यातला हा मिरचीबाजार भरात असतो, नेमके तेव्हाच दिवाळी अंकवाले कथा मागवतात. निवृत्त गुरुजी मग खिशात जुन्या हजेरीपटाची कोरी पानं कोंबून बाजारात उभे. घ्यायची पावशेर मिरचीही नसते. "जरा कथाबीज बघतो."

कुणी हसलंच तर उत्तर तयार असतं. "शेजारच्या बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांना 'बारोमास'साठी २००४ साली साहित्य अकादमी मिळालं. ते काय मुंबईवर लिहून?"

कुणाचं बांधावरून वाजलं, कुणाचा जावई रुसून स्टँडवर बसला, सगळं टिपलं जातं. पण लगेच लिहितील तर ते गुरुजी कसले! पेरणीआधी बियाण्याची उगवण बघावी, तसं बीज आधी माणसांवर तपासतात. "समजा, असा एक माणूस आहे..." एवढं कानावर पडलं की जाणती माणसं अर्धा चहा टाकून उठतात. नवखा सापडतो. तो "मंग?" म्हणाला तर कथा जिवंत, "आज भाव काय निघाला?" म्हणाला तर पान फाडायचं. एकदा एक हमाल पाठीवर पोतं तसंच ठेवून शेवटापर्यंत ऐकत राहिला. त्या कथेची काना-मात्राही बदलली नाही. व्यापारी मात्र बरेच दिवस गुरुजींशी बोलत नव्हता.

एका साली भाव पडला म्हणून मिरची रस्त्यावर ओतणारा शेतकरी त्यांनी रंगवला. कॉलेजातलं पोरगं म्हणालं, "गुरुजी, ही भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल'. टमाट्याच्या जागी मिरची घातली तुम्ही." गुरुजी फुगून घरी. बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ओतली की संपलंच. घरी परत आणली तर? तोडणीच्या बाया मजुरीला दारात बसल्यात, त्यांना तोंड कोण देतं ते लिहा." गुरुजी ताटावरून उठून कागदाकडे पळाले.

माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून ते नाव बदलतात, गाव बदलतात, बैलाचा रंगसुद्धा बदलतात. तरी परवा एक जण अंक घेऊन तावातावाने दारात आला. घरची भानगड छापली, आता गुरुजींचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं.

"गुरुजी, जमीन तीन एकर आहे माझी. तुम्ही दीडच लिहिली!"

गुरुजींनी शांतपणे चष्मा पुसला. "बसा. सातबारा आणलाय का?"