शेंडीची गाडी

घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि तिला खेळता येईल असा व्हिडिओ गेम घ्यायचाय, असं चारचौघांत बोलून बघा. सल्ल्यांना तोटा नाही. मात्र सल्ला देणारे दोनच प्रकारचे निघतात. एकाला गेममधलं सगळं कळतं, पण घरात मूल नाही. दुसऱ्याच्या घरात मुलं आहेत, पण गेम म्हणजे डोळे बिघडवायची वस्तू, यापलीकडे त्याला काही ठाऊक नाही. पहिला म्हणतो, "हा घे, ग्राफिक्स बघ कसले आहेत!" दुसरा म्हणतो, "त्यापेक्षा कॅरम आण." कॅरम आमच्याकडे आहे. कपाटामागे उभा आहे. त्याची राणी लॉकडाउनमध्ये हरवली. तिच्या जागी शर्टाचं लाल बटण लावून पाहिलं, पण माझ्या आईने बटणाला राणी मानायला साफ नकार दिला.

दुकानात डब्यावर वय छापलेलं दिसलं की जरा हायसं वाटतं. ही वयं छापायची पद्धत भांडणातून आली. 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या गेममध्ये रक्ताचे सडे पडू लागले, तेव्हा १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेमवाल्यांची चांगलीच झाडाझडती झाली. आता सरकार कायदा करणार या धास्तीने कंपन्यांनी १९९४ मध्ये स्वतःच ईएसआरबी ही संस्था काढली. युरोपात २००३ मध्ये पेगी आली आणि तिचे आकडे ठरले: ३, ७, १२, १६, १८. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांवर हाच पेगीचा आकडा असतो.

हा आकडा फक्त आत काय नाही ते सांगतो. रक्त नाही, शिव्या नाहीत, भीतिदायक काही नाही. आत जे आहे ते मुलाला झेपेल का, यावर तो अवाक्षर काढत नाही. फुटबॉलच्या गेमवर ३ छापलेलं असतं. तीन वर्षांच्या मुलाने त्यात एक पास नीट देऊन दाखवावा, मी त्याला सोफ्यावरची माझी जागा कायमची देऊन टाकीन. धाकटीला हे पटवणं मात्र अवघड गेलं. तिचा हिशेब सरळ होता. "इथे तीन लिहिलंय. मी सहाची आहे. म्हणजे मला डबल येणार."

आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा बारीक मजकूर वाचावा, असं माझं मत झालंय. गेमच्या आत पैसे मागण्याची सोय असेल तर तसं तिथे लिहिलेलं असतं. रक्ताचा एखादा थेंब परवडला, पण गेम फुकट आणि हिरोची टोपी विकत, हा धंदा सहा वर्षांच्या मुलापुढे मांडणाऱ्यांना मी घरात घेत नाही.

फुकट नसलेल्यांची किंमतही ऐकण्यासारखी असते. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तो ४९,९९० रुपयांना, आणि त्यावरचे बडे नवे गेम ४,९९९ ला. निन्टेन्डोने तर आपला स्विच भारतात रीतसर आणलाच नाही. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी परदेशातून आलेला घ्यायचा आणि वॉरंटीचा विषय काढायचा नाही. तरी आम्ही स्विचच घेतला. लहान मुलांच्या खेळांत निन्टेन्डोचा हात धरणारं कुणी नाही. शिवाय त्याची कॅसेट खेळून झाली की विकता येते किंवा बदलून घेता येते. डाउनलोड केलेला गेम कुणाला देणार?

कॅसेट हा आमचा नव्वदच्या दशकातला शब्द. हल्लीची कॅसेट नखाएवढी असते आणि ती कडू असते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून कंपनी तिला डेनाटोनियम बेन्झोएट नावाच्या अतिकडू पदार्थाचा लेप देते. थोरल्याने ही माहिती जेवणाच्या टेबलावर जाहीर केली आणि पुढची दहा मिनिटं आमच्या घरातली शिकलीसवरलेली माणसं एक-एक करून 'मारिओ कार्ट' चाटत होती. मी चूळ भरायला धावलो. बायको धावली. धाकटीने जीभ टॉवेलला पुसली. आईने शांतपणे चाटून कॅसेट परत दिली. म्हणाली, "एवढंच? आम्हाला दर पावसाळ्यात किराईत पाजायचे."

आमच्या लहानपणी निवडीचा प्रश्नच नव्हता. मे महिन्यात गेम दिवसाच्या भाड्याने मिळायचा आणि सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ९९९९ गेम असल्याचं लिहिलेलं असायचं. खरे मोजून मूठभर, बाकी तेच वेगवेगळ्या नावांनी. त्यातला 'कॉन्ट्रा' दोघांना मिळून खेळता यायचा. मिळून हे नुसतं म्हणायला. त्यात एक धबधबा होता. उड्या मारत वर चढायचं. मोठा चुलतभाऊ सरासरा वर गेला की पडदा त्याच्यासोबत वर सरकायचा आणि खाली राहिलेला मी पडद्याच्या कडेला लागून मरायचो. शत्रूची गोळी लागायचीही गरज नव्हती. मागे राहणं एवढाच गुन्हा.

खाली अंगणात मात्र हेच भाऊ वेगळे वागायचे. लपंडाव असो की पकडापकडी, जो अगदी छोटा असेल तो कच्चा लिंबू. त्याने धावायचं, ओरडायचं, लपायचं, पण तो आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. यामुळे आई-काकूंचाही प्रश्न सुटायचा, कारण छोट्याला सोडून खेळायला जायला परवानगी नसायची. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, तरी गल्लोगल्ली तोच होता. त्यामुळे घरासाठी गेम निवडताना मी आता एकच गोष्ट बघतो. यात कच्च्या लिंबाची सोय आहे का?

आणि ती असते. 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' हा २०२३ चा गेम. त्यात योशी नावाचा डायनासोर किंवा नॅबिट नावाचा जांभळा चोर घेतला, की शत्रूने कितीही धडका दिल्या तरी काही होत नाही. खड्ड्यात पडायला तेवढी मोकळीक आहे. वर मारिओ झालेल्या भावाला योशीच्या पाठीवर बसून जाता येतं, म्हणजे दुबळा गडी एकदम उपयोगाचा होतो. थोरल्याला आपली कला दाखवता येते, धाकटीला मरता येत नाही, दोघंही खूश. यातलं थोरल्याचं अर्धं फार महत्त्वाचं आहे. सगळ्यांसाठी सोपा करून टाकलेला गेम अकरा वर्षांचा मुलगा दोन दिवसांत टाकून देतो, आणि मग धाकटीलाही तो नकोसा होतो, कारण दादा ज्याला हात लावत नाही ती वस्तू बाद.

'मारिओ कार्ट ८ डिलक्स' मध्ये ही सोय गाडीतच बसवलेली आहे. एक सेटिंग चालू ठेवलं की गाडी कडेवरून खाली पडत नाही, चाक आपोआप रस्त्याकडे वळतं. दुसरं चालू ठेवलं की वेगाचं बटण दाबून धरावं लागत नाही. रिमोट नुसता हातात असला तरी गाडी शर्यत पुरी करते. आठवडाभर धाकटी अशी शर्यती पुऱ्या करत होती आणि आपण पट्टीचे ड्रायव्हर आहोत या समजुतीत होती. पण ही मदत चालू असली की गाडीच्या मागे एक छोटा ॲन्टेना दिसतो. एका रविवारी तो तिच्या नजरेला पडला.

"माझ्याच गाडीला शेंडी का आहे?"

कुणी बोलेना. थोरला हसला, तिथेच घात झाला. दादाच्या गाडीला शेंडी नाही, बाबाच्या नाही, म्हणजे काहीतरी गोम आहे हे तिने ताडलं, आणि शेंडी काढल्याशिवाय खेळणार नाही असं जाहीर केलं. काढली. पुढच्या शर्यतीत ती सारखी खाली पडत होती. ढगात, पाण्यात, इंद्रधनुष्याच्या रस्त्यावर तर दर वळणाला. दर वेळी ढगावर बसलेला लाकितू गळाला लावून तिला वर काढायचा. बारावी आली. बारा जणांत बारावी. रिमोट ठेवून म्हणाली, "पण मी पडले ना, ती माझी मी पडले."

कच्चा लिंबू हे पद कायमचं नसतं. अंगणातही एक दिवस छोटा म्हणायचा, आजपासून माझ्यावर पण राज्य, आणि मोठ्यांना ते मान्य करावं लागायचं. चांगला गेम ही शेंडी मुलाला स्वतः काढू देतो. आमच्याकडे ती आता आईच्या गाडीला लागलेली आहे. आईला तिचा काहीच कमीपणा वाटत नाही. तिच्या अंगठ्याला संधिवात आहे आणि स्विचचा अर्धा रिमोट आडवा धरला, की त्याच्या माथ्यावरची बटणं तांदळाच्या दाण्याएवढी. ती रस्ता गाडीवर सोपवते आणि केळ्यांची सालं कुणाच्या वाटेत टाकायची याकडे सगळं लक्ष देते. सालं बहुतेक माझ्या वाटेत पडतात.

शिफारशींच्या यादीत 'इट टेक्स टू' चं नाव हमखास येतं. २०२१ चा सर्वोत्तम गेम ठरलेला, दोघांनीच खेळायचा, आणि अप्रतिमच आहे. पण गोष्ट आहे घटस्फोट घ्यायला निघालेल्या आईबापांची, ज्यांच्या मुलीच्या रडण्याने ते बाहुले होतात. त्यात एका खेळण्यातल्या हत्तिणीचं पुढे जे होतं, ते बघून मोठी माणसंही गप्प झालेली आहेत. पेगीने १२ दिलाय आणि या बाबतीत पेगीचं ऐकावं. मुलं झोपल्यावर नवरा-बायकोने खेळायला हरकत नाही, फक्त आधी भांडण झालेलं नसावं.

भांडायचंच असेल तर 'ओव्हरकुक्ड'. चार जणांनी एका स्वयंपाकघरात ऑर्डरी पुऱ्या करायच्या. कुणी चिरायचं, कुणी शिजवायचं, कुणी ताटल्या विसळायच्या, आणि भांडं चुलीवर विसरलं की आग. जुन्या गेमची २०२० ची आवृत्ती घेतली तर त्यात वेळ वाढवून मिळतो, नाहीतर धाकट्यांचा निभाव लागत नाही. आमच्याकडे धाकटी विसळायला असते आणि घरी स्वतःची वाटी न उचलणारी ही मुलगी तिथे ताटलीसाठी दादाशी भांडते. कांद्याच्या सुपाची कृती अशी: तीन कांदे चिरायचे, भांड्यात टाकायचे, शिजले की वाढायचं. आईने मागे बसून दोन ऑर्डरी पाहिल्या. मग न राहवून म्हणाली, "अरे, निदान मीठ तरी!"

कॅरमचा सल्ला देणाऱ्यांचंही शेवटी आम्ही ऐकलं. स्विचवर '५१ वर्ल्डवाइड क्लासिक्स' म्हणून २०२० चा एक संग्रह आहे, त्यात कॅरम आहे, लुडो आहे आणि चक्क नवकंकरीही आहे, इंग्रजी नावाने. हानाफुदाही आहे. निन्टेन्डो १८८९ मध्ये क्योटोत सुरू झाली ती या जपानी पत्त्यांचाच कारखाना म्हणून. वाचता न येणाऱ्या मुलाला यातले निम्मे खेळ बघूनच कळतात. कॅरमला बोरिक पावडर लागत नाही, राणी हरवत नाही. आईचं म्हणणं, म्हणूनच त्यात मजा नाही.

वाचता येणं हा खरा अडसर आहे आणि त्याबद्दल डबा काही बोलत नाही. कित्येक गोजिरवाण्या गेममध्ये पात्रं तोंडाने नुसतं बडबडगाणं गातात आणि खाली इंग्रजी मजकूर धावतो. आमची धाकटी मराठी शाळेत पहिलीत आहे. 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' आणला तेव्हा शेजारी बसून सगळं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. एका बेटावर प्राणी राहतात, मासे धरायचे, शिंपले वेचायचे, घर बांधायचं. घड्याळ खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतं, रात्री दहाला बेटावरचं दुकान बंद होतं, त्यामुळे झोपायला पाठवताना मला वाईटपणा घ्यावा लागत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन सांगितलाय. शाळेच्या दिवशी आमच्याकडे अर्धा तास, आणि त्यातली दहा मिनिटं माझ्या भाषांतरात जातात.

एक मात्र दुकानदार सांगत नाही. एका स्विचवर एकच बेट. जो पहिल्यांदा सुरू करेल तो गावाचा प्रमुख, पूल कुठे बांधायचा ते तोच ठरवणार, बाकीचे नुसते रहिवासी. थोरल्याने डबा फोडला आणि तो सरपंच झाला. असा गेम घरात आणताना डबा कोण फोडणार हे आधी ठरवावं. धाकटी रोज पुलासाठी अर्ज करते.

माझं वाचन ऐकून ऐकून आईलाही बेटावर घर हवंसं वाटलं. आठ जणांपर्यंत सोय आहे, म्हणून तिचं नाव घातलं, तंबू लागला, मग टॉम नूक नावाच्या व्यापाऱ्याने पक्कं घर बांधून दिलं आणि ९८,००० बेल्सचं कर्ज तिच्या नावावर मांडलं. व्याज नाही, हप्ता नाही, मुदत नाही. हे मी तिला तीनदा समजावलं. पण जन्मभर ज्या बाईने वाण्याकडे उधारी ठेवली नाही, तिला ते आकडे बघवेनात. दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आलेल्या नातीला दूध हातात देता देता तिची चौकशी सुरू, "काल किती फेडलेस गं?" मासा चारशेला जातो, शिंपल्यांचे किरकोळ येतात, हे तिला तोंडपाठ झालं. महिनाभरात नातीने मासे धरधरून कर्ज फेडलं. लगेच टॉम नूक हसत पुढे आला आणि मी वाचून दाखवलं, की आता घर मोठं करून देतो, फक्त १,९८,००० होतील.

"त्याला म्हणावं," आई म्हणाली, "आहे त्यात भागतंय आमचं. आणि परत दारात येऊ नकोस."