किती टनांचा एसी बसवावा? नवशिक्यांसाठी सूचना

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपास घर बांधलेल्या माणसाने उष्णतेचा हिशेब संगणकावर करायला बसताच आधी ‘हीटिंग’चा रकाना उघडावा, तिथे गोधडी आहे असे समजावे आणि पुढे जावे.

आता सॉफ्टवेअर निवडा. एनर्जीप्लस फुकट आहे, पण भिंतीचा एकेक थर विचारून जीव खाते. ईक्वेस्टही फुकटच, पोटात जुने डीओई-२. कॅरिअर कंपनीचे हॅप झटपट टन सांगते. चौथे साधन एसीच्या दुकानात उभे असते. ते खोलीचे चौरस फूट विचारते, छत कशाचे हे विचारत नाही आणि दीड टन सांगते. याचे उत्तर दर वेळी तेच येते, हा गुण बाकीच्या तिघांत नाही.

खोटे वाटेल त्याने बेसटेस्ट ही चाचणी पाहावी. अमेरिकेतल्या एनआरईएल या ऊर्जा प्रयोगशाळेने १९९५ साली ८ बाय ६ मीटरची एक काल्पनिक खोली नामांकित प्रोग्रॅम्सना सोडवायला दिली. हलक्या भिंतींच्या त्या खोलीला वर्षाचा थंडावा कुणी ६.१ मेगावॅट-तास सांगितला, कुणी जवळपास ८. भिंती आणि जमीन जड केल्यावर मात्र सगळेच २.१ ते ३.४ वर उतरले. म्हणजे सॉफ्टवेअरवरून भांडण्याआधी डोक्यावर हलका पत्रा की मातीचे जड माळवद, हे ठरवा. (तिथले हवामान डेन्व्हरकडचे, रात्री गार. आपल्याकडे मे महिन्यात माळवदही रात्री सुस्कारे टाकते.)

माळवद यादीत सापडणार नाही. पांढऱ्या मातीची जाडी, घनता, उष्णतावहन स्वतः भरा. हवामानाची फाइल औरंगाबादची घ्या. शहराचे नाव बदलले, फाइलचे नाही, तेव्हा शोधताना जुनेच टाका.

‘घरात माणसे किती’ इथे चार लिहून मोकळे होऊ नका. गडाला धाकटी पंढरी म्हणतात, एकादशीला पाहुणे येणारच, आणि बसलेला माणूस नुसता बसून शंभरेक वॅट उष्णता देतो. फराळानंतर उठायला लावणारे बटण कोणत्याही आवृत्तीत नाही.

शेवटी एसीच्या वेळापत्रकात लाइट जाण्याचे तास शून्य करा आणि खोली किती वेळात तापते ते बघा. पत्र्याचे घर असेल तर आकडा पुरता वाचत बसू नका, कडबा घेऊन वर चढा. जाताना संगणक बंद करा. तोही पाहुण्याइतकाच तापतो.