रविवारच्या पाहुण्यांस खुले पत्र



पाऊस लागला की तुम्ही येता. कसारा लोकलने आसनगाव, आटगाव, खर्डीला उतरता, नाहीतर कल्याणवरून मुरबाडमार्गे माळशेजपर्यंत गाड्यांची रांग लावता. येण्याबद्दल तक्रार नाही. आमच्या पोरी रस्त्याकडेला काकड्या आणि कणसं घेऊन बसतात त्या तुमच्याच भरवशावर. तक्रार आहे ती सोमवारी सकाळी ओढ्याकाठी जे सापडतं त्याची. फुटलेल्या बाटल्या, हाडं चिकटलेली थर्माकोलची ताटं, शाम्पूच्या पुड्या. आणि दोन दगडांच्या बेचक्यात नीट गुंडाळून खोचलेला लहान मुलाचा डायपर. ज्याने तो इतका नीट गुंडाळला, त्याला ती घाण आहे हे चांगलं कळत होतं. फक्त ती स्वतःच्या गाडीत नको होती.

ओढ्यानदीचं हे पाणी कुठे जातं, ठाऊक आहे? मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसा धरणाचा. तानसाचं पाणी जलवाहिन्यांतून जातं. भातसाचं तसं नाही. धरणातून सोडलेलं पाणी उघड्या नदीतून वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथे उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग तुमच्या नळाला येतं. बारवीचंही तेच. धरणातून सुटलेलं पाणी नदीने जांभूळपर्यंत जातं आणि तिथून कल्याण-डोंबिवलीकडच्या लाखो घरांत. म्हणजे रविवारी तुम्ही ज्यात पाय सोडून बसता, गाडी धुता, बाटली भिरकावता, ते तुमच्याच पिण्याच्या वाटेवरचं पाणी आहे. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत कुणी अनोळखी माणूस साबण लावून उतरला, तर त्याच रात्री तातडीची सभा बोलवाल. इथे तोच माणूस तुम्ही असता.

तरी तुमचं बरं आहे. तुमच्या आणि त्या घाणीच्या मध्ये तुरटी आहे, गाळण्या आहेत, क्लोरीन आहे. आमच्या पाड्यांवर ओढ्याच्या कडेला खणलेला झिरा असतो आणि हंड्याच्या तोंडावर पातळाचं फडकं. ओढ्यात जे मिसळलं ते झिऱ्यात पाझरतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं आहे. त्यांच्याकडे एक लहान बाटली असते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं, जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. आमच्या शेजारणीने ऐन श्रावणात झिऱ्याचं पाणी भरून बाटली चुलीमागच्या फळीवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने ती उजेडात धरली. आतलं पाणी डांबरासारखं झालं होतं. ती काही बोलली नाही, पाण्यात टाकायची जंतुनाशक टीसीएल पावडर आणायला ग्रामपंचायतीत गेली. त्यात सगळा दोष तुमचा नाही. आमच्याकडेही उघड्यावर बसणारे आहेत, गोठ्याचं पाणी ओढ्यात सोडणारे आहेत, आणि त्यांच्याशी आम्ही ग्रामसभेत भांडतो. पण त्यांना नाव धरून बोलावता येतं. तुम्ही सोमवारी इथे नसता.

या पाण्यासाठी इथल्या माणसांनी काय मोजलं आहे, तेही ऐका. तानसा धरण १८९२ सालचं. तेव्हापासून आमचा शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघत बायका रांगेत बसतात. मुरबाडकडे बारवीची उंची वाढली तेव्हा तोंडली, काचकोलीसारखी गावं पाण्याखाली गेली. कुणाचं घर बुडवून साठलेल्या पाण्यात तुम्ही चिप्सचं पाकीट सोडता, तेव्हा मला मनापासून राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश काढतात. ते योग्यच आहे, कारण दर वर्षी पोरं बुडतात. पण तो आदेश जिवासाठी असतो, पाण्यासाठी नसतो. पोलीस नाक्यावर उभे राहतात, तुम्ही आडवाटेने पुढच्या ओढ्यावर जाता. सार्वजनिक जलसाठ्याचं पाणी घाण करणं हा नव्या न्याय संहितेतही गुन्हा आहे. कलम २७९, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण प्रत्येक ओढ्यावर हवालदार उभा करता येत नाही, म्हणून राखण गावालाच करावी लागेल. तसा अधिकारही गावाला आहे. २००६च्या वनहक्क कायद्याचं पाचवं कलम पाणलोट आणि जलस्रोत राखायचा अधिकार वनहक्कधारकांना आणि त्यांच्या ग्रामसभेला देतं. शहापूर तालुका आणि मुरबाडची बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदाही आहे. आमच्या ग्रामसभांनी हे कागद फडताळातून बाहेर काढले पाहिजेत.

माझं म्हणणं असं, की नुसती बंदी नको. ओढ्याच्या तोंडाशी गावाचा नाका असावा. दर बाटलीमागे आणि दर थाळीमागे अनामत घ्यावी, परत आणून दिली की पैसे परत. गाड्या पाण्यापासून लांब लागाव्यात. दोन शौचालयं बांधावीत आणि ती धुवायला गावातल्याच माणसाला पगार द्यावा. नाक्यावर पाणी तपासणीचा फळा लावावा, गेल्या आठवड्यात बाटली काळी पडली की नाही ते त्यावर खडूने लिहावं, म्हणजे तुम्हालाही वाचता येईल.

यात तुमचंही काम आहे. असा नाका दिसला तर हुज्जत घालू नका, पैसे द्या आणि पावती मागा. नाका नसेल तर आणलेलं सगळं, डायपरसकट, गाडीत घालून परत न्या. आणि तुमच्या नगरसेवकाला विचारा की पिसे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदीकाठची जी गावं तुमचं पाणी राखतात, त्यांच्या शौचालयांसाठी आणि राखणदारांच्या पगारासाठी महापालिका किती पैसे देणार. उत्तर लेखी घ्या, आणि येताना ग्रामपंचायतीत आणून द्या.

आपली,
भातसाकाठची एक रहिवासी