लाँच बंद, हप्ता चालू

मांडव्याच्या धक्क्यावर वडापाव आणि चहा विकणाऱ्याचं वर्ष नऊ महिन्यांचं असतं. पावसाळा आला की मुंबईच्या गेटवेहून येणाऱ्या लाँच आणि कॅटमरान थांबतात, त्या पुन्हा धक्क्याला लागतात थेट सप्टेंबरात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. रेवस-बोडणीच्या होड्या वर ओढलेल्या असतात आणि सुक्या मासळीवर घर चालतं. हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते फक्त व्यवसायासाठी बनवलेल्या प्रकल्प अहवालाला. त्यात विक्रीचा एकच आकडा जानेवारीलाही असतो आणि जुलैलाही, आणि त्या आकड्यावर बँक बारा सारखे हप्ते बांधते.

कुणी म्हणेल, आता गाड्या नेणारी रो-रो बोट आहे. आहेच. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून ती येते आणि पावसाळ्यातही हवामान बघून चालते. पण गाडीत बसून उतरलेला माणूस चोंढी-किहीमच्या वाटेला लागतो. लाँचने आलेला माणूस अलिबागच्या बसची वाट पाहत धक्क्यावर उभा राहतो. त्याच्या हातात वेळ असतो आणि पोटात भूक. छोट्या दुकानाचा धंदा या उभ्या माणसावर चालतो.

आता रिझर्व्ह बँकेचा नियम बघा. मुदत कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं. जून, जुलै, ऑगस्ट यांचे दिवस मोजा: 92. म्हणजे धक्क्यावरच्या प्रामाणिक दुकानदाराला थकबाकीदार ठरवायला एक पावसाळा पुरतो. एकदा सिबिल बिघडलं की पुढचं कर्ज सावकाराकडून.

कमी मुदतीच्या पिकासाठी घेतलेल्या कर्जाला मात्र हीच रिझर्व्ह बँक दोन पीक हंगामांची सवलत देते. भाताला हंगाम असतो हे तिला पटलेलं आहे. मग किनाऱ्यावरच्या धंद्यालाही हंगाम असतो हे पटायला अडचण कोणती? आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. कर्जदाराच्या हाती पैसा कधी येतो हे पाहून परतफेडीचं वास्तव वेळापत्रक ठरवावं, असं तिच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. अर्ज करतानाच पावसाळ्याचा खड्डा दाखवायचा, सप्टेंबर ते मे हप्ते मोठे ठेवायचे, पावसात फक्त व्याज भरायचं. एवढंच सांगायचं असतं. ते सांगणं हे प्रकल्प अहवाल बनवणाऱ्या सल्लागाराचं काम आहे, आणि तेच होत नाही.

का होत नाही? कारण सल्लागाराचा हिशेब फाइल मंजूर झाली की संपतो. त्याला पैसे मिळतात ते अहवालाचे, धंदा टिकल्याचे नाहीत. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, तरी तिचेही पैसे उकळणारे गावोगाव बसलेत. एका दिवसाची कार्यशाळा, चहा, बिस्किटं, प्रमाणपत्र, फोटो. दुसऱ्या दिवशी त्या कार्यशाळेला आलेल्या एखाद्या बाईला विचारायचं असतं की बंगल्यावर पाठवलेल्या लोणच्याचे पैसे मागायचे कसे. तेव्हा फोन उचलायला कुणी नसतं.

या बाईला कुणीतरी सांगायला हवं की 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायदा तिच्या बाजूचा आहे. तिची उद्यम नोंदणी असेल तर रिसॉर्टने मालाचे पैसे 15 दिवसांत द्यायचे. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे ढकलता येत नाहीत. ढकलले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रारीसाठी सुलभीकरण परिषद आहे. मुंबईकरांच्या बंगल्यांची आणि रिसॉर्टांची रांग मांडव्यापासून आवास-सासवण्यापर्यंत लागलेली असताना हे एक कलम दहा कार्यशाळांपेक्षा जास्त कामाचं आहे.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचंही तसंच. भौगोलिक मानांकन मिळालं, बातम्या आल्या. पण त्या नावाचा कायदेशीर हक्क बजावायला प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. तो अर्ज शेतकऱ्याच्या शेजारी बसून भरून देणं, ही खरी मदत. सत्कार समारंभ ही मदत नव्हे.

धंदा टिकला का हे बघायला हवं, हे सरकारला कळत नाही असं नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला 25 टक्के आणि महिलेला 35 टक्के अनुदान आहे. पण ते हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवतात आणि धंदा चालू असल्याची प्रत्यक्ष तपासणी झाल्यावरच कर्जात वळतं करतात. दुकानदारावर सरकारचा तीन वर्षं विश्वास नसतो. मग सल्लागारावर पहिल्याच दिवशी कसा बसतो?

माझी मागणी साधी आहे. सरकारी योजनेतल्या सल्लागाराचं मानधनही असंच अडकवा. एक तृतीयांश कर्ज मिळाल्यावर, एक तृतीयांश पहिला पावसाळा पार पडल्यावर, उरलेलं तीन वर्षांनी धंदा चालू दिसल्यावर. बघा मग अहवालात जून महिना कसा आपोआप उगवतो ते.

आणि सल्लागार पुण्या-मुंबईहूनच यायला हवा असंही नाही. ग्रामीण उपजीविका अभियानाच्या स्टार्ट-अप व्हिलेज कार्यक्रमात गावातल्याच लोकांना हिशेब, बाजारभाव आणि कर्जाचे कागद शिकवून छोट्या उद्योगांच्या पाठीशी उभं करतात. बोडणीची कोळीण दुसऱ्या कोळणीला जे सांगेल ते बाहेरचा माणूस सांगू शकत नाही: जवळा कधी सुकवायचा, कुणाला उधार द्यायचं, कुणाला नाही. तिला दरमहा नीट मानधन द्या. कार्यशाळांवर उधळता त्यातूनच ते निघेल.

जिल्हा उद्योग केंद्राने पुढच्या बैठकीत किती प्रकरणं मंजूर झाली हा आकडा वाचणं बंद करावं. त्याऐवजी एकच आकडा वाचावा: तीन वर्षांपूर्वी मंजूर केलेल्यांपैकी आज किती जण धंदा करताहेत. तो आकडा तालुकावार, सल्लागाराच्या नावासह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. लोक स्वतःच ठरवतील कुणाकडे जायचं.