ट्रॅप कॅमेरा लपवण्याचा शास्त्रोक्त विधी

जंगलात कॅमेरा लावणं ही कला आहे. लावलेला कॅमेरा महिन्याभराने तिथेच सापडणं हे शास्त्र. कलेबद्दल भरपूर लिहून झालंय. फ्रेडरिक चॅम्पियन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याने 1920च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार ताणून ठेवली आणि वाघाकडूनच वाघाचे फोटो काढून घेतले. उल्लास कारंथ यांनी 1990च्या दशकात नागरहोळेत फोटोतल्या पट्ट्यांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली. शास्त्राकडे मात्र कुणी लक्ष दिलं नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न. ताडोबा-ब्रह्मपुरीकडचं सागाचं जंगल डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. इतरांनी झाडांची नावं बदलून वापरावा.

सर्वप्रथम चोरास काय हवं ते पाहू. 2022च्या व्याघ्रगणनेत देशभर 32,588 ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि 4 कोटी 70 लाखांहून जास्त फोटो निघाले. त्यात वाघाचे 97,399. म्हणजे पाचेकशे फोटोंमागे वाघाचा एक. उरलेल्यात चितळ, रानडुक्कर, अस्वल, गावची गुरं, वाऱ्यावर हलणारं गवत आणि आपण स्वतः. हा ऐवज कुणी चोरून नेईल असं वाटत नाही, आणि चोरही तो नेत नाही. त्याला हवे असतात पेन्सिल सेल, जे टॉर्चला चालतात, आणि मेमरी कार्ड, जे मोबाइलला चालतं. राहता राहिला डबा. तो नाल्यात जातो. हजारोंचं यंत्र गेलं ते आठ सेलांपायी, हे कळलं की दुःख वाढतं. तेव्हा या माहितीचा फार विचार करू नये.

आता जागेची निवड. कॅमेरा लपवायची उत्तम जागा म्हणजे जिथे कुणी जात नाही अशी. दुर्दैवाने तिथे वाघही जात नाही. वाघाला काट्यांतून अंग घासत जायची हौस नसते. तो गाडीरस्ता धरतो, सुक्या नाल्याचं पात्र धरतो, पायवाट धरतो; म्हणजे मोह वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे आणि रात्रीचं सागवान नेणारे जी वाट धरतात, तीच. त्यात गणनेचा नियम असा की दर 2 चौरस किलोमीटरच्या चौकटीत एक जोडी लावायची, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. एकाच बाजूचा फोटो असेल तर एका वाघाचे दोन व्हायला वेळ लागत नाही. या नियमामुळे चोराची फेरी वाचते. एक कॅमेरा दिसला की दुसरा कुठे असेल हे त्याला शोधावं लागत नाही, नुसतं वळावं लागतं.

रंगाविषयी. बाजारात मिळणारे बरेचसे कॅमेरे अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांसाठी घडवलेले असतात. त्यांच्या अंगावर ओकची पानं आणि मेपलच्या फांद्या छापलेल्या असतात. पेनसिल्व्हेनियात हा कॅमेरा झाडात विरघळून जात असेल. आपल्याकडे सागाच्या राखाडी, उभ्या चिरा पडलेल्या खोडावर तो असा दिसतो, जणू वरातीतला पाहुणा चुकून सावडायला आला. त्यावर उपाय म्हणून काही जण त्याला वाळल्या सालीचे तुकडे चिकटवतात. उपाय चांगला आहे. फक्त भिंगाजवळच्या लहानशा खिडकीवर साल येऊ देऊ नये, कारण उष्णतेची हालचाल टिपणारं यंत्र तिच्यामागे बसलेलं असतं. ते झाकलं तर कॅमेरा चोरापासून सुरक्षित राहतो आणि वाघापासूनही.

पानांच्या आडोशाबद्दल स्वतंत्र इशारा. थंडीच्या तोंडावर कॅमेरा लावताना सागाची पानं सुपाएवढी, हिरवीगार असतात. त्यामागे कॅमेरा इतका बेमालूम बसतो की लावणारा स्वतःवरच खूश होतो. साग पानझडी आहे. होळीच्या सुमाराला पाचोळा गुडघाभर साचतो आणि वर उरतं ते उघडं खोड, त्याला पट्टा, पट्ट्याला कॅमेरा. नेमक्या याच दिवसांत मोहफुलं पडू लागतात आणि अख्खं गाव पहाटेपासून जंगलात असतं. पानझडीचं आणि मोहाचं हे संगनमत वनखात्याच्या लक्षात कसं आलं नाही, कळत नाही.

उंची हा विषय वादग्रस्त आहे. पट्टे नीट यावेत म्हणून कॅमेरा माणसाच्या गुडघ्याच्या आसपास हवा. सुरक्षातज्ज्ञांचं मत निराळं: कॅमेरा दहा-बारा फुटांवर बांधून भिंग खाली झुकवावं, कारण चालणारा माणूस सहसा वर बघत नाही. हे खरं आहे. पण वरून वाघाची पाठ तेवढी येते, कुशी येत नाही. दर खेपेला शिडी न्यावी लागते. शिडी रोज वाहून न्यायचा कंटाळा आला की ती झाडाखाली ठेवून दिली जाते, आणि मग या विधीत एक नवं प्रकरण जोडावं लागतं: शिडी कशी लपवावी.

कुलपाबाबत मतभेद नाहीत, सगळेच लावतात. पोलादी पेटी, तीत कॅमेरा, खोडाभोवती जाड तारेचा वेढा, त्याला कुलूप. कुलूप दिसलं की आत काहीतरी मोलाचं आहे हे न सांगता कळतं. ज्याच्याकडे कुऱ्हाड आहे आणि जो झाड तोडायलाच आला आहे, त्याच्यापुढे कॅमेरा झाडाला पक्का बांधण्यात कितपत अर्थ आहे, याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

आता फ्लॅश. अदृश्य उजेडाचे कॅमेरे मिळतात. 940 नॅनोमीटरचे असले तर अंधारात साधा लाल ठिपकाही दिसत नाही. लपण्याच्या दृष्टीने आदर्श. पण पळत्या वाघाचे पट्टे त्यात पुसट येतात, म्हणून गणनेत पांढऱ्या फ्लॅशवाले वापरावे लागतात. रात्री दोन वाजता डोक्यावर सागवानाचा ओंडका घेऊन निघालेल्या माणसाच्या तोंडावर अशी वीज चमकली की तो आधी देवाचं नाव घेतो आणि मग कॅमेऱ्याचं. या क्षणी त्याचा जो फोटो निघतो, तो इतका स्पष्ट असतो की आधार कार्डावरचा लाजावा. पुरावा बिनतोड. तो पुरावा त्याच कॅमेऱ्यात असतो आणि कॅमेरा थोड्या वेळाने त्याच्या घरी. सिमकार्डवाले कॅमेरे फोटो लगेच पाठवतात म्हणे. त्यासाठी तिथे रेंज लागते, आणि जिथे रेंज आहे तिथे सहसा टॉवर, ढाबा आणि वीटभट्टी असते, वाघ कमी.

ज्यांना ही अडचण सोडवायचीच आहे त्यांनी पहिल्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायला दुसरा लावावा. दुसरा अदृश्य उजेडाचा, उंच बेचक्यात. दुसऱ्यावर कोण लक्ष ठेवणार हा प्रश्न बैठकीत कुणी ना कुणी विचारतंच. त्याला चहा द्यावा. बिघडलेला जुना कॅमेरा मुद्दाम दर्शनी लावून चोराला फसवायचीही पद्धत आहे. ती यशस्वी होते, पण बीटवर नवीन वनरक्षक आला की तो इमानेइतबारे त्या मढ्यात नवे सेल घालतो आणि चालू होत नाही म्हणून वर अहवाल पाठवतो.

एक गोष्ट या विधीत बसत नाही, तरी सांगायला हवी. कॅमेरा फोडणारा दर वेळी चोर नसतो. कॉर्बेटच्या आसपासच्या गावांवर केंब्रिजच्या एका संशोधकाचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. जंगलात सरपणाला जाणाऱ्या बायका तिथे मोकळेपणाने हसतबोलत, गात असत. कॅमेऱ्यांच्या धाकाने त्या गप्प झाल्या. आडोशाला बसलेल्या एका बाईचा कॅमेऱ्यात आलेला फोटो गावात मोबाइलवर फिरवला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी हाती लागतील ते कॅमेरे फोडले. हा फोटो फिरवणारे वनखात्याचेच हंगामी कामगार होते. अशा ठिकाणी कॅमेरा कसा लपवावा हे मी सांगणार नाही.

पुन्हा विधीकडे. उन्हाळ्यात एक दिलासा असतो. चंद्रपूरला पारा पंचेचाळीसवर गेला की दगड, माती आणि अंग यांच्या उष्णतेत फारसा फरक उरत नाही, आणि यंत्राला समोरून कोण गेलं ते पुष्कळदा उमगत नाही. भर दुपारी चोरी झाली तर चोराचा फोटो नाही, वाघ गेला तर वाघाचा नाही. कागदोपत्री सर्व शांत.

शेवटचं प्रकरण कॅमेरा परत शोधण्याचं. वरील सगळे उपाय केल्यावर हे आपोआप अवघड होतं. जीपीएस दाट झाडीत दहा-पंधरा पावलं इकडेतिकडे दाखवतं आणि वहीत नोंद असते, ‘मोठ्या सागाजवळ’. अशा वेळी झाडाझाडाला हात लावत फिरू नये. पलीकडे म्हशी चारणारा जो कुणी असेल त्याला हाक मारावी. तो हातातली काठी न उचलता, हनुवटीने दाखवतो:

“तो का, त्या धावड्याच्या मागं आहे जी. अन् त्याच्यावर ध्यान ठेवाले तुमी जो लावला न, तो वरती, बेचक्यात. खालच्याचे सेल गेले वाट्टे साहेब, परवापासून लाइट नाही मारून राहिला.”